शिखराची शिदोरी

इतिहासाच्या पुस्तकात मोहिमेचे वर्णन बहुधा प्रस्थानापासून सुरू होते. मुहूर्त पाहिला, सैन्य निघाले, आणि दोन ओळींत गडाखाली जाऊन पोहोचलेसुद्धा! त्याआधी दाणागोटा कोणी मोजला, गोणी कोणी शिवल्या आणि त्या कोणाच्या पाठीवरून गेल्या, हे विचारण्याची चाल आपल्याकडे नाही. मुलेही विचारीत नाहीत; परीक्षेत त्याला गुण नसतात. एव्हरेस्टची गोष्टही आपण अशीच वाचतो. २९ मे १९५३, तेन्झिंग आणि हिलरी, संपले! मला मात्र त्या गोष्टीत शिखरापेक्षा गाठोडेच अधिक बोलके वाटत आले आहे. बत्तीस वर्षे माणसे त्या पहाडाशी झुंजत होती, आणि त्यातली निम्मी झुंज बरोबर काय घ्यावे नि काय ठेवावे, याचीच होती.

१९२१ साली इंग्रजांची पहिली तुकडी तिबेटच्या बाजूने पाहणीस गेली. तिची छायाचित्रे पाहिली तर हसू येते. लोकरीचे कोट, पोटऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या, गळ्याला मफलर. सहलीला निघालेल्या मंडळींना वाटेत हिमवादळाने गाठावे तसा हा देखावा आहे, अशा अर्थाचा शेरा बर्नार्ड शॉच्या नावावर सांगतात. त्या दशकातल्या सामानात डबाबंद लावे होते, शॅम्पेनच्या बाटल्याही होत्या. साहेब कोठेही गेला तरी आपले जेवणघर बरोबर नेतो. फक्त ते तो स्वतः नेत नाही, एवढेच.

१९२२ च्या तुकडीत जॉर्ज फिंच नावाचा एक गृहस्थ होता. जन्माने ऑस्ट्रेलियन, शिक्षण झुरिचला, पेशाने रसायनशास्त्रज्ञ. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पंक्तीत हा माणूस उपराच. त्याने स्वतःसाठी एक अजब कोट शिवून घेतला होता. आकाशात सोडावयाच्या मोठ्या फुग्याचे कापड, आत आयडर बदकाची मऊ पिसे, आणि शिवण आपल्या दुलईसारखी. सोबत्यांनी त्या कोटाची यथेच्छ थट्टा केली. वर हा गृहस्थ प्राणवायूची नळकांडी पाठीवर बांधा म्हणू लागला. त्या साऱ्या सांगाड्याचे वजन तीस पौंडांवर! प्राणवायू घेणे ही लबाडी आहे, मर्दाचा खेळ नव्हे, असे म्हणणारेही पुष्कळ होते. शेर्पांनी मात्र त्याला एक झकास नाव दिले: ‘इंग्रजी हवा’.

मे महिन्यात मॅलरी, नॉर्टन, सॉमरव्हेल आणि मोर्सहेड प्राणवायूवाचून वर निघाले. वाटेत विसाव्याला बसले असता नॉर्टनच्या मांडीवरची पिशवी घसरली आणि उतारावरून पार दिसेनाशी झाली. रात्रीचे गरम कपडे त्यातच होते. पिशवीचा एक हिसका, आणि रात्रभराची ऊब गेली! मोर्सहेडला तर थंडीने असे ग्रासले की त्याच्या बोटांची टोके पुढे कापावी लागली. बाकीचे तिघे सुमारे २७,००० फुटांपर्यंत जाऊन परतले.

मग फिंचची पाळी आली. बरोबर जेफ्री ब्रूस, ज्याने पूर्वी खरे गिर्यारोहण केलेच नव्हते, आणि तेजबीर हा गुरखा जवान. २५,५०० फुटांवर त्यांचा एवढासा तंबू वादळात सापडला. पहिली रात्र तंबू उडू नये म्हणून धरून बसण्यात गेली. दुसऱ्या दिवशी अन्न संपत आले, तरी मंडळी खाली उतरेनात. संध्याकाळी बाहेर माणसांचे आवाज आले. खालच्या तळावरून काही शेर्पा त्या वाऱ्यातून गरम पेयाचे थर्मास घेऊन चढून आले होते! ते देऊन लागलीच उलट पावली उतरलेही. फिंचच्या कोटाची आणि प्राणवायूची कथा ग्रंथांतून आली, आणि ती यावयासच हवी होती. परंतु त्या थर्मासांवाचून दुसरी रात्र कशी गेली असती, हाही प्रश्न इतिहासाचाच आहे. त्या रात्री तिघांनी प्राणवायू आळीपाळीने घेतला, तेव्हा हातापायांत ऊब आली. २७ मे रोजी तेजबीर थकून मागे फिरला. पुढे ब्रूसच्या यंत्रातली काचनळी फुटली. जवळ सुटी नळी होती म्हणून निभावले. दोघे २७,३०० फुटांवर पोहोचले. तोवर इतक्या उंचीवर कोणी गेले नव्हते.

७ जूनला पुन्हा प्रयत्न झाला आणि हिमकडा कोसळून सात भारवाहक गाडले गेले. साहेबांपैकी एकही नाही.

१९२४ च्या मोहिमेत फिंचला घेतले नाही. व्याख्यानांच्या मिळकतीवरून समितीशी त्याचे बिनसले होते. हा पिसांच्या कोटाचा माणूस पुढे पुण्यास आला, हे कित्येक पुणेकरांनाही ठाऊक नसते. १९५२ ते १९५७ अशी पाच वर्षे तो राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक होता. म्हणजे शिखर सर झाल्याची, आणि तेही पिसांचे कपडे घालून व प्राणवायू घेऊन, ही बातमी आली तेव्हा हा गृहस्थ आपल्या पाषाणच्या प्रयोगशाळेचा कारभार पाहत होता.

१९२४ साली मॅलरी आणि अर्व्हिन गेले ते परतले नाहीत. शेवटच्या चिठ्ठीत मॅलरीने होकायंत्र खालच्या तंबूत विसरल्याचे आणि चूल उतारावरून गडगडत गेल्याचे लिहिले होते. १९९९ साली त्याचा देह सापडला. खिशात चाकू, कात्री, पत्रे, दुकानाची बिले आणि हिमचष्मा. कॅमेरा नव्हता. दोघे वर पोहोचले की नाही, हे पंचाहत्तर वर्षांनी त्या खिशांवरून ताडण्याची पाळी लोकांवर आली.

१९५२ साली स्विस मोहिमेत तेन्झिंग आणि लँबेर यांना सुमारे २७,५०० फुटांवर रात्र काढावी लागली. झोपण्याच्या पिशव्या नाहीत, स्टोव्ह नाही. मेणबत्तीवर डबा धरून बर्फ वितळवायचा आणि ते घोटभर पाणी दोघांत वाटून घ्यायचे. तितक्या उंचीवर माणूस उपाशी राहील, पण तहानेने खचतो. पुढल्या वर्षी हंटच्या मोहिमेबरोबर डॉ. पग हा शरीरशास्त्रज्ञ होता. माणसाने दिवसाला किती पाणी प्यावे हे त्याने मोजले होते, आणि त्या हिशेबाने सगळ्यात वरच्या तंबूपर्यंत स्टोव्ह आणि इंधन पोहोचवले गेले. शेवटच्या रात्री तेन्झिंग आणि हिलरी साखर घातलेले लिंबाचे सरबत पीत होते. सकाळी हिलरीचे बूट गोठून दगड झालेले. ते स्टोव्हवर शेकण्यात दोन तास गेले. तेन्झिंगने बूट पायांतून काढलेच नव्हते.

ही शिदोरी नेपाळातून वर गेली ती साडेतीनशेंवर हमालांच्या पाठीवरून. त्यांना द्यावयाच्या मजुरीच्या नाण्यांच्या पेट्याही त्यांच्याच पाठीवर! डोंगरात कागदी नोट चालत नसे. शेर्पांना दिलेले कपडे कायमचे त्यांचे, की कामापुरते उसने, यावरून निघतानाच कुरबूर झाली. आधीच्या मोहिमांत ते त्यांचेच होत असत. मध्ये तेन्झिंगला पडावे लागले. एकाच वेळी तो शेर्पांचा मुकादमही होता आणि चढाई करणाऱ्यांपैकी एकही.

शिखरावर त्याने खिशातून मिठाई काढून बर्फात पुरली. धाकट्या मुलीने, नीमाने, घरून निघताना लाल-निळ्या पेन्सिलीचा एक तुकडा दिला होता. तोही त्याने तेथेच ठेवला.