समुद्रातला मासा धरणात राहिला



ज्यांची गावे धरणात गेली आहेत, त्यांना आजची गोष्ट फार परकी वाटायची नाही. गोष्ट मात्र अमेरिकेतली आहे, साउथ कॅरोलिना राज्यातली. तिथे सँटी नावाची मोठी नदी समुद्राला मिळते. १९३९ साली तिच्यावर धरणाचे काम सुरू झाले. वीज हवी होती आणि मंदीच्या त्या काळात लोकांच्या हाताला कामही हवे होते. १९४१ मध्ये पाणी अडले. मॅरियन आणि मोल्ट्री असे दोन तलाव झाले. दोन्ही मिळून सुमारे १ लाख ७० हजार एकर. सुमारे ९०० कुटुंबांना उठावे लागले. ज्यांचे पूर्वज गुलाम म्हणून तिथे आणले गेले होते, अशांची घरे त्यात पुष्कळ होती. हजारो थडगी उकरून दुसरीकडे न्यावी लागली. युद्धामुळे वीज लवकर हवी होती, म्हणून सगळे रान तोडून झाले नाही. बरीच झाडे उभीच पाण्यात गेली.

याच घाईत एक मासाही कोंडला गेला. त्याचे नाव स्ट्राइप्ड बास. अंगावर काळे आडवे पट्टे, वाढला की दहा-पंधरा किलोचा. हा समुद्रात राहणारा आणि वसंतात अंडी घालायला नदीत वर चढणारा. काही मासे धरणामागे अडकले, काही बोटी वर चढवण्याच्या दरवाजातून आत आले असावेत. समुद्राशिवाय हा जगणार नाही, असेच जाणकारांना वाटत होते. पण तो जगला, वाढला, आणि पुढच्या दशकात दिसून आले की तो तिथे पिल्लेही देतो आहे.

हे कसे झाले? त्याची अंडी साधारण दोन दिवस वाहत्या पाण्यात तरंगत राहावी लागतात. पाणी थांबले की ती तळाला बसतात आणि गाळात गुदमरतात. मॅरियन तलावाच्या वरच्या अंगाला काँगरी आणि वॉटरी या नद्या अजून मोकळ्या वाहत होत्या. वसंतात पाणी कोमट झाले की मासा तलावातून तिकडे चढायचा. तलाव त्याला समुद्राच्या जागी झाला, नदी मात्र खरीच लागली.

आपले रोहू आणि मृगळही असेच. साठल्या तळ्यात वाढतात, पण वीण पावसाळ्याच्या वाहत्या पुरात. म्हणून तर आपण बोटुकली विकत आणतो. १९५७ साली ओडिशात डॉ. हीरालाल चौधुरी यांनी माशाच्याच मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांची वीण करून दाखवली. त्यानंतर काही वर्षांनी मॉन्क्स कॉर्नर या धरणाजवळच्या गावात रॉबर्ट स्टीव्हन्स यांनी संप्रेरक टोचून स्ट्राइप्ड बासचे बीज तयार केले. तिथून ते अमेरिकेतल्या कितीतरी धरणांत गेले. माशाला नवीन गाव मिळवून द्यायला सरकारने केवढी खटपट केली, असे मनात आल्यावाचून राहत नाही!

या मोठ्या माशाला बोट लागते, इंधन लागते. काठावर काठी आणि गळ घेऊन बसणाऱ्यांचे मासे वेगळे. ब्लूगिल, क्रॅपी असे तळहाताएवढे. आख्खे तव्यात मावतात म्हणून त्यांना पॅनफिश म्हणतात. वसंतात क्रॅपी बुडालेल्या झाडांच्या फांद्यांशी गोळा होते. ऊन वाढले की ब्लूगिलचा नर उथळ पाण्यात शेपटीने ताटलीएवढा खळगा करतो आणि अंड्यांची राखण करत बसतो. याला ना नदी लागते, ना टोचणी.

मोठ्या माशाचे उन्हाळ्यात हाल होतात. वरचे पाणी तापते. खाली गारवा असतो, पण बऱ्याच तलावांत त्या खोल पाण्यात प्राणवायू उरत नाही. अशा दिवसांत पकडून परत सोडलेला मासाही पुष्कळदा दमून मरतो. सँटीच्या तलावांत तो कमी होत गेला, तेव्हा उन्हाळ्यात, सप्टेंबर संपेपर्यंत, त्याला धरायची बंदी घातली गेली. त्या महिन्यांत बोटवाले वेगळा मासा शोधतात. काठावरच्या तव्यात ब्लूगिल असतोच.