ट्रॅव्हल ट्रेलर नवीन घेतलाय? रस्त्यावर काढण्याआधी हे वाचा

रत्नागिरी, रायगड, मुंब्रा, पुणे, औरंगाबाद इथली आपली कितीतरी मुलं आज अमेरिका आणि कॅनडात स्थायिक आहेत. शाळांना सुट्टी लागली की तिकडची कुटुंबं ट्रॅव्हल ट्रेलर घेऊन फिरायला निघतात. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, मोरी, संडास सगळं असतं. हॉटेलचा खर्च वाचतो, जेवण आपल्या हातचं मिळतं, घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना पडदा आणि आराम मिळतो. म्हणून आपल्या लोकांतही याची आवड वाढते आहे.

मागे सुट्टीत आम्ही टेक्सासला थोरल्या भावाकडे गेलो होतो. त्यांनी नुकताच एक जुना ट्रेलर विकत घेतला होता. टायर अगदी नव्यासारखे दिसत होते, नक्षी खोल होती. तिसऱ्या तासाला भर हायवेवर डावा टायर फुटला. मडगार्ड उखडलं, खालचा पत्रा फाटला. मुलं गाडीत होती, ट्रेलरमध्ये कोणी नव्हतं, म्हणून अल्लाहच्या कृपेने कोणाला खरचटलंही नाही. नंतर टायरवरचा आकडा वाचला तेव्हा कळलं की टायर आठ वर्षांपेक्षा जुने होते. तो आकडा वाचायला अर्धं मिनिट लागतं, पण वाचायचा असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं. त्यानंतर आम्ही जे शिकलो, विचारलं आणि तपासलं, ते इथे क्रमाने देत आहोत.

1. टायर

टायरच्या बाजूला ‘डॉट’ या अक्षरांनंतर एक लांब क्रमांक असतो. त्यातले शेवटचे चार आकडे बघा. 3519 असेल तर टायर 2019 सालच्या 35 व्या आठवड्यात बनला. ट्रेलर वर्षातले बरेच महिने उन्हात एका जागी उभा असतो, त्यामुळे रबर झिजण्याआधीच आतून कुजतं. नक्षी कितीही चांगली दिसली तरी पाच-सहा वर्षांनी टायर बदलावेत. स्टेपनीचंही वय बघा.

हवा सकाळी, चाकं गार असताना भरा. ट्रेलरवर चिकटवलेल्या पट्टीवर जेवढी लिहिली असेल तेवढीच. ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ताशी 65 मैल, म्हणजे साधारण 105 किलोमीटर असते. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला 55 मैलांचीच मर्यादा आहे. चाक बसवल्यावर पहिल्या 50 ते 100 मैलांत नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळा. चाकाच्या बेअरिंगला वर्षातून एकदा किंवा 10 ते 12 हजार मैलांनी ग्रीस लागतं.

2. वजनाचं गणित

विकणारा सांगतो, ‘तुमची गाडी आरामात ओढेल.’ त्याच्या शब्दावर जाऊ नका, हिशेब स्वतः करा.

भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी 10 ते 15 टक्के भार पुढच्या कड्यावर, म्हणजे गाडीच्या हिचवर यायला हवा. याला टंग वेट म्हणतात. ट्रेलर 5,000 पौंडांचा असेल तर हा भार 500 ते 750 पौंड झाला. हा भार गाडीच्या पेलोडमध्ये धरायचा असतो. पेलोडचा आकडा ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर छापलेला असतो.

समजा पेलोड 1,400 पौंड आहे. घरची सहा माणसं सरासरी 150 पौंडांची धरली तर 900 झाले. त्यात टंग वेट 600. बेरीज 1,500. म्हणजे डिकीत एक पिशवी ठेवण्याआधीच गाडी 100 पौंडांनी जादा भरली. आपली कुटुंबं मोठी असतात, दादा-दादी सोबत असतात, म्हणून हे गणित आपल्याकडे जास्त वेळा चुकतं.

पाणीही मोजा. 40 गॅलनची टाकी भरली की 330 पौंड, म्हणजे सुमारे 150 किलो वाढतात. सामानापैकी जवळजवळ 60 टक्के ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्या भागात, खाली जमिनीलगत ठेवा. सगळा भार मागे गेला की ट्रेलर डुलायला लागतो.

3. जोडताना आणि सोडताना

दर वेळी हाच क्रम ठेवा:

- कप्लर बॉलवर पूर्ण बसला का, खिट्टी लागली का, हे हाताने बघा. मग जॅकने ट्रेलरचं तोंड थोडं उचलून पाहा, गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला पाहिजे.
- दोन्ही साखळ्या खालून फुलीसारख्या एकमेकींना ओलांडून लावा. कप्लर निसटला तर तोंड जमिनीवर न आपटता साखळ्यांवर टेकतं.
- ब्रेकअवेची बारीक तार गाडीच्या मजबूत भागाला वेगळी अडकवा, साखळीत नको. ट्रेलर सुटला तर हीच तार त्याचे ब्रेक लावते. ट्रेलरची बॅटरी उतरलेली असेल तर ती काही कामाची नाही, म्हणून बॅटरी चार्ज ठेवा.
- सात पिनांचा प्लग लावून ब्रेक लाइट, दोन्ही इंडिकेटर आणि ट्रेलरचे ब्रेक तपासा.
- पायरी, खिडक्या, छतावरची झडप आणि अँटेना बंद आहेत का, ते बघा. चाकाखालची ओट सगळ्यात शेवटी काढा.

सोडताना उलट: कप्लर उघडण्याआधी दोन्ही बाजूंच्या चाकांना ओट लावा. उतारावर हे विसरलं तर मागे उभं असलेलं माणूस चिरडलं जाऊ शकतं. त्या वेळी लहान मुलांना आसपास फिरकू देऊ नका.

4. रस्त्यावर

चालत्या ट्रेलरमध्ये कोणालाही बसवू नका. आजारी आईला झोपू दे, बाळ आत निजलंय, अशी कारणं नकोत. आत सीट बेल्ट नसतात, आणि अनेक राज्यांत कायद्यानेच मनाई आहे.

मोठा ट्रक बाजूने गेला की ट्रेलर डुलू शकतो. अशा वेळी गाडीचा ब्रेक करकचून दाबू नका, वेग वाढवू नका, स्टिअरिंग गरागरा फिरवू नका. अॅक्सिलेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरचा हातातला दांडा हलकेच दाबून फक्त ट्रेलरचा ब्रेक लावा. हा दांडा कुठे आहे ते रिकाम्या पार्किंगमध्ये आधी शिकून घ्या. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. हात डावीकडे नेला तर ट्रेलरची पाठ डावीकडे जाते, उजवीकडे नेला तर उजवीकडे.

नमाज, जेवण किंवा पेट्रोलसाठी थांबलात की गाडीभोवती एक चक्कर मारा. हात चाकाच्या मध्याजवळ न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक बिघडतोय. साखळ्या, प्लग, टायर नजरेखालून घाला. दोन मिनिटांत होतं.

5. गॅस आणि विषारी धूर

ट्रेलरची शेगडी, हीटर आणि बहुधा फ्रिजही प्रोपेनवर चालतो. आपल्या घरच्या एलपीजीप्रमाणे प्रोपेनही हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून त्याचा अलार्म खाली, फरशीजवळ असतो. त्याच्यापुढे गादी किंवा बॅग ठेवू नका. अलार्मच्या मागे मुदतीची तारीख असते, ती उलटली तर नवीन बसवा. सिलिंडर बदलल्यावर जोडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर काडी ओढू नका, बटण दाबू नका. सगळ्यांना बाहेर काढा आणि मग सिलिंडरची तोटी बंद करा.

प्रवासात सिलिंडर बंद ठेवणं बरं. बाल्टिमोरच्या बंदराखालच्या बोगद्यांसारख्या काही ठिकाणी असे सिलिंडर न्यायला मनाई आहे, रस्ता ठरवताना हे बघा.

कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नसतो. थंडीत खोली गरम करायला शेगडी पेटवू नका, कोळशाची शेगडी आत आणू नका, जनरेटर खिडकीखाली लावू नका. एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखू लागलं, मळमळ झाली, तर ‘काल रात्रीचं जेवण बाधलं’ म्हणत बसू नका. सगळे बाहेर मोकळ्या हवेत या आणि 911 ला फोन करा. आणीबाणीची खिडकी कशी उघडते हे सहा वर्षांच्या मुलालाही दाखवून ठेवा.

6. वीज

लहान ट्रेलरला 30 अँपिअरचा प्लग असतो आणि त्याला 120 व्होल्ट लागतात. घरातल्या कपडे वाळवायच्या मशीनचं जुन्या पद्धतीचं सॉकेट जवळजवळ तसंच दिसतं, पण त्यात 240 व्होल्ट असतात. नवीन मालक घरी सॉकेट बसवून घेतात आणि वायरमन चुकून 240 जोडतो. आतली सगळी उपकरणं क्षणात जळतात. वायरमनला स्पष्ट सांगा आणि मीटर लावून बघूनच प्लग घाला. कॅम्पमध्ये खांबावरचा ब्रेकर आधी बंद करा, सर्ज प्रोटेक्टर लावा, मग ट्रेलर जोडा.

7. पाणी, वुजू आणि संडासाची टाकी

पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी आणि संडासाची टाकी धुवायची वेगळी. दोन्ही एका पेटीतसुद्धा ठेवू नका. कॅम्पच्या नळाला प्रेशर रेग्युलेटर लावा, 40 ते 50 पीएसआय पुरे. नाहीतर आतले पाइप फुटतात. मोसमाच्या सुरुवातीला टाकी निर्जंतुक करा: 15 गॅलन पाण्यात पाव कप साधं बिनवासाचं ब्लीच घाला, ते सगळ्या नळांतून खेळवा, काही तास ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवा.

सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. मोरीच्या पाण्याची ग्रे, संडासाची ब्लॅक. आपण पाण्याने तहारत करतो, त्यामुळे ब्लॅक टाकी लवकर भरते. पण भरपूर पाणी तिला चांगलंच, मैला साचून दगड होत नाही. वुजूचं पाणी ग्रे टाकीत जातं. पाच माणसं, पाच वेळा, नळ सोडून वुजू केला तर टाकी दोन दिवसांत तोंडापर्यंत येईल. मग वुजू लोट्याने करा. पाणी जपून वापरणं ही तर आपली शिकवणच आहे.

ब्लॅक टाकीची झडप बंदच ठेवा आणि टाकी दोन तृतीयांश भरल्यावरच रिकामी करा. आधी ब्लॅक, नंतर ग्रे, म्हणजे नळी धुतली जाते. ओले टिश्यू कधीही आत टाकू नका.

घरून हलाल गोश्त नेणार असाल तर फ्रिज आदल्या रात्रीच चालू करा. गॅसवर चालणारा फ्रिज गार व्हायला सहा-आठ तास लागतात, आणि ट्रेलर सपाट उभा नसेल तर तो नीट चालत नाही.

8. छप्पर आणि हिवाळा

ट्रेलरचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे पाणी शिरणं. दर तीन महिन्यांनी छतावरचे जोड, झडपा आणि खिडक्यांच्या कडा बघा. भेग दिसली की त्या छताला चालणारं सीलंट लगेच भरा. जुना ट्रेलर घेताना कोपरे आणि पलंगाखालची फळी दाबून बघा. मऊ लागली किंवा ओलसर वास आला तर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका.

बर्फ पडणाऱ्या भागात थंडीआधी सगळं पाणी काढा, हीटरची टाकी गार झाल्यावर रिकामी करून बायपास करा आणि पाइपमध्ये ट्रेलरसाठी मिळणारं गुलाबी अँटिफ्रीझ घाला. गाडीच्या रेडिएटरमधलं अँटिफ्रीझ विषारी असतं, ते पिण्याच्या पाइपमध्ये कधीही नको.

एक वही ठेवा

टायरची तारीख, ग्रीस कधी भरलं, अलार्मची मुदत, छत कधी तपासलं, हे सगळं एका वहीत लिहा. निघण्याआधीची यादी मुलांना मोठ्याने वाचायला लावा आणि मोठ्यांनी एकेक गोष्ट हात लावून तपासावी. आमच्या भावाकडे हे काम आता आठवीतली पुतणी करते. ती ‘हो’ म्हणेपर्यंत गाडी सुरू होत नाही.

तिकडे राहणारे आपले भाऊ, बहीण, जावई ट्रेलर घ्यायच्या विचारात असतील तर त्यांना हे जरूर पाठवा. पहिल्या सफरीच्या आदल्या दिवशी कळलं तरी उशीर झालेला नसतो.