उच्च रक्तदाब, स्त्रियांमधील (वर्धा जिल्हा)

धमन्यांतील रक्ताचा दाब वारंवार मोजूनही १४०/९० मिमी पारा किंवा त्याहून अधिक भरण्याचा विकार, बोलण्यात ‘बीपी’. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) देशातील १५ वर्षांवरील सुमारे २१ टक्के स्त्रियांत तो आढळला. बहुतेकींना काहीच त्रास जाणवत नाही. पक्षाघात, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाची हानी झाल्यावरच अनेकदा उलगडा होतो.

जोखमीची कारणे : वाढते वय, आनुवंशिकता, कमरेभोवतीची चरबी, मधुमेह व मूत्रपिंडाचे विकार. तारुण्यात स्त्रियांत हा विकार पुरुषांपेक्षा कमी असतो. पाळी गेल्यावर तो फरक मिटत जातो. काहींचा गर्भनिरोधक गोळ्यांनी दाब वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवे. लोणचे, पापड, ठेचा यांतले मीठही त्यातच मोजायचे. मिश्री, खर्रा यांतील निकोटिनाने दाब चढतो. कापूस वेचणारी, निंदण करणारी बाई कष्ट करते म्हणून तिला बीपी होत नाही, हा समज चुकीचा आहे.

गर्भारपण : विसाव्या आठवड्यानंतर दाब वाढून लघवीतून प्रथिने जाऊ लागल्यास प्रीएक्लॅम्प्सियाचा संशय घ्यावा. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज आल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. उपचार लांबल्यास झटके येऊ शकतात. बाळंतपणानंतर दाब उतरला, तरी अशा स्त्रीला पुढे उच्च रक्तदाबाचा धोका अधिक राहतो. म्हणून तपासणी तिथेच थांबवू नये.

जिल्ह्यातील सोय : २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या आरंभीच्या जिल्ह्यांत वर्धा होता. ठरावीक औषधयोजना, सरकारी केंद्रांत मोफत गोळ्या आणि प्रत्येक रुग्णाची नोंद ही त्याची पद्धत. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला स्थापलेली महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था व तिचे कस्तुरबा रुग्णालय, तसेच सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालय येथे पुढील उपचार होतात.

मोजणी व उपचार : चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबावे. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसावे. दंडावरचा पट्टा हृदयाच्या पातळीत असावा. बरे वाटले म्हणून गोळी बंद करू नये. टेल्मिसार्टनसारखी औषधे गर्भारपणात चालत नाहीत. दिवस राहताच डॉक्टरांना सांगावे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीने दुखणे नसतानाही उपकेंद्रात रक्तदाब मोजून घ्यावा, आणि त्यासाठी बुडणाऱ्या तिच्या रोजीची सोय घरच्यांनी पाहावी.