साडेबारा टक्के आले कुठून?

पनवेल-उरण पट्ट्यात ‘साडेबाराचा प्लॉट’ म्हटलं की फोड करून सांगावी लागत नाही. सिडकोसाठी गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत. बाहेरच्यांना ही सरकारी मेहेरबानी वाटते. ती मेहेरबानी नव्हे, थकलेलं देणं आहे.

त्याचं मूळ 1957 सालात सापडतं. त्या वर्षीच्या 1 एप्रिलला, कृषक दिनी, कुळकायद्याने कसणाऱ्या कुळांना जमिनीचं मालक मानलं. खाडीला बांध घालून भात पिकवणाऱ्या आगरी कुटुंबांच्या दृष्टीने ही पिढ्यांची कमाई होती. जेमतेम 13 वर्षं गेली. मार्च 1970मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली 95 गावं नव्या शहराच्या नकाशात आली.

तेव्हा भूसंपादनाचा कायदा होता 1894चा, इंग्रजांचा. निवाडा कितीही वर्षांनी होवो, भाव धरायचा तो अधिसूचनेच्या दिवसाचा. शेजारी शहर उभं राहत होतं, जमिनीचं मोल चढत होतं आणि शेतकऱ्याचा दर मात्र जुन्या तारखेला खिळलेला. याच रागातून जानेवारी 1984चं जासईचं आंदोलन पेटलं. 16 आणि 17 तारखेच्या गोळीबारांत पाच शेतकरी गेले. नेतृत्व दि. बा. पाटलांचं. जासईत जन्मलेले, पनवेलमधून पाच वेळा आमदार झालेले शेकापचे वकील. नुसते पैसे घेऊन शेतकरी संपतो, त्याला विकसित जमिनीत वाटा हवा, हा आग्रह या लढ्याने धरला. तो मान्य झाला 6 मार्च 1990च्या शासन निर्णयात. पुढे 28 ऑक्टोबर 1994च्या निर्णयाने योजनेला आजचं रूप आलं.

हिशेब मांडून पाहावा. एक एकर म्हणजे 40 गुंठे, सुमारे 4,047 चौरस मीटर. साडेबारा टक्क्यांनी 506 चौरस मीटर होतात. त्यातून रस्ते आणि सार्वजनिक सोयींसाठी मूळ जमिनीच्या पावणेचार टक्के वजा. हाती उरतात साधारण 354. आता याचे वारस मोजा. चार भाऊ, तीन बहिणी. बांधायला पैसा नाही, म्हणून बिल्डर येतो, त्रिपक्षीय करार होतो आणि पुष्कळ घरांत बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवलं जातं. कायद्याने त्यांचा वाटा असतो. घरात तो माहेरपणाच्या बदल्यात मागितला जातो. मला या सगळ्या व्यवहारात हेच सर्वांत जास्त खुपतं.

शिवाय हा मोबदला सातबाऱ्याच्या मागे चालतो. खाडीत जाळं टाकणाऱ्या कोळ्याच्या पाण्याला सातबारा नसतो.

नवी मुंबई विमानतळासाठी जमिनी घेण्याच्या वेळी गावांनी आधीचा धडा लक्षात ठेवला. 2014मध्ये साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज ठरलं. आकडा वाढला, कारण मागणारे शहाणे झाले होते.

2013पासून पनवेलच्या आसपासच्या गावांत ‘नैना’, म्हणजे विमानतळाच्या प्रभावक्षेत्राची नियोजन योजना, आली. तिच्या नगररचना योजनांत रोख मोबदल्याऐवजी शेतकऱ्याच्याच जमिनीपैकी 40 टक्के अंतिम भूखंड म्हणून त्याच्याकडे राहते, 60 टक्के रस्ते, मैदानं यांसाठी आणि प्राधिकरणाकडे जाते. साडेबारा ऐकत वाढलेल्या माणसाला 40 हा आकडा मोठा वाटावा. पण साडेबाराच्या वेळी जमीन सक्तीने संपादित होऊन आधी तिचे पैसे, थोडे का होईना, मिळाले होते आणि भूखंड त्यावर होता. गावोगावच्या बैठकांत नैनाला विरोध होतो तो म्हणूनच समजून घेतला पाहिजे.