देव, दर्या आणि वाट : हरिहरेश्वर ते कुणकेश्वर

सह्याद्री आणि पश्चिम समुद्र यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीसारखी पसरलेली कोकणभूमी परशुरामक्षेत्र म्हणून प्रसिद्ध आहे. परशुरामाने बाण सोडून समुद्र मागे हटविला आणि मिळालेल्या भूमीवर वसाहत केली, ही कथा येथील आबालवृद्धांना ठाऊक असते. इतिहासाच्या कसोटीवर या कथेचे काहीही होवो, तिच्यातील एक जाणीव मात्र खरी आहे. ही भूमी समुद्राकडून मागून घेतलेली आहे आणि त्याची मर्यादा सांभाळूनच तिच्यावर नांदावयाचे आहे, ही ती जाणीव होय. किनाऱ्यावरील जुनी देवस्थाने क्रमाने पाहत गेल्यास ती जागोजाग प्रत्ययास येते. ही देवस्थाने कोणी कोठेही बांधलेली नाहीत. कोठे नदीचे मुख, कोठे समुद्रात शिरलेला कडा, कोठे गोड्या पाण्याचा झरा, असे ठिकाण पाहूनच पूर्वजांनी तेथे देव मानला आणि त्या ठिकाणाचे काही नियमही घालून दिले.

आज मोटारीने तीन-चार दिवसांत होणारा हा प्रवास पूर्वी इतका सोपा नव्हता. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, वाघोटन अशा नद्यांच्या खाड्या किनाऱ्याला जागोजाग छेदतात. त्यामुळे जुने मार्ग घाटमाथ्यावरून उतरून थेट बंदराला भिडत. किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला प्रत्येक खाडीपाशी तरीची वाट पाहावी लागे. दूरचा प्रवास गलबतातून आणि पुढे आगबोटीतून होई. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरे घेत आगबोट जाई. बहुतेक बंदरांत ती दूर पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येत. विसाव्या शतकाचा शेवट येईपर्यंत ही वाहतूक बंद पडली. मुंबई-गोवा महामार्ग झाला तो किनारा सोडून आतल्या बाजूने. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने जाणाऱ्या सागरी महामार्गाच्या कल्पनेला बॅ. अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात, १९८० ते १९८२ मध्ये, चालना मिळाली. त्यानंतर एकेक खाडीवर पूल होत गेले. सावित्री, वाशिष्ठी आणि शास्त्री यांच्या मुखांशी मोटारी वाहून नेणाऱ्या फेरीबोटींनी प्रवास जोडून दिला. उरलेल्या मोठ्या पुलांची कामेही आता हाती घेण्यात आली आहेत. शतकानुशतके तुटक राहिलेली ही वाट अशा रीतीने सलग होत आहे.

या वाटेवरील पहिले मोठे क्षेत्र म्हणजे सावित्रीच्या मुखाजवळचे हरिहरेश्वर. हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री अशा चार टेकड्यांच्या सान्निध्यात हे स्थान वसले असून प्रथम काळभैरवाचे, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे दर्शन घेण्याची येथील प्रथा आहे. जवळचे श्रीवर्धन हे १७१३ मध्ये पेशवे झालेल्या बाळाजी विश्वनाथ भट यांचे गाव. हरिहरेश्वरावर पेशवे घराण्याची श्रद्धा होती आणि थोरल्या बाजीरावांच्या काळात, १७२३ मध्ये, मंदिराचा जीर्णोद्धार झाल्याचे सांगतात. परंतु या क्षेत्राचे खरे वैशिष्ट्य मंदिरामागील प्रदक्षिणामार्ग हे होय. टेकडीच्या खिंडीतून पायऱ्या उतरल्या की भाविक थेट समुद्राने कोरलेल्या काळ्या खडकाच्या सपाटीवर येतो. एका बाजूस लाटांनी पोखरलेला उंच कडा आणि दुसऱ्या बाजूस खुला दर्या. ही प्रदक्षिणा ओहोटीलाच करावयाची असते. भरतीच्या वेळी हीच सपाटी लाटांखाली जाते.

येथे कोकणातील कोळ्यांचा आणि दर्यावर्दींचा जुना हिशेब सांगण्यासारखा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची सुमाराची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ऐन मध्यान्हीच्या आसपास भरती, आणि तीही उधाणाची. अष्टमीच्या आगेमागे भांगाचे पाणी असते. ते चढतेही कमी आणि उतरतेही कमी. आता सोमवती अमावास्येला दूरच्या गावाहून मोटारीने निघालेला यात्रेकरू दर्शनाची रांग आटोपून दुपारीच प्रदक्षिणेला उतरतो, तेव्हा तो नेमका उधाणाच्या भरतीत उतरत असतो. पूर्वी तरीसाठी तिष्ठणाऱ्या यात्रेकरूला पाण्याची वेळ आपोआप कळे. मोटारीतून येणाऱ्याला ती विचारून घ्यावी लागते. न विचारता खडकावर गेलेल्यांवर प्राण गमावण्याचे प्रसंग येथे आलेले आहेत.

बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्री ओलांडली की बाणकोटचा किल्ला आणि त्याच्या पायथ्यापलीकडे वेळास हे गाव येते. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांच्या भानू घराण्याचे हे मूळ गाव. हिवाळ्याच्या दिवसांत येथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्री अंडी घालण्यास येतात. मादी एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूने खड्डा बुजविते आणि समुद्रात परत जाते. पुढे सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. पूर्वी ही अंडी उकरून खाल्ली आणि विकली जात. उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी पडत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन अंड्यांच्या रक्षणाचे काम सुरू केले. किनाऱ्यावर कुंपण घालून अंडी तेथे पुरावयाची, तारखांची नोंद ठेवावयाची आणि पिल्ले निघाली की ती सोडावयाची, अशी ही पद्धत. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, घरोघरी पाहुण्यांची सोय होऊ लागली आणि गावाला उत्पन्नाचे साधन मिळाले. आंजर्ले, गुहागर यांसारख्या इतर किनाऱ्यांवरही असे काम उभे राहिले.

आपल्या शिवालयांत नंदीच्या पुढे, गाभाऱ्याच्या वाटेवर, दगडी कासव कोरलेले असते. भाविक त्याला स्पर्श करून आत जातो. कूर्मावतार तर सर्वांस ठाऊक आहे. असे असूनही जिवंत कासवाची अंडी बाजारात जात होती आणि त्यात कोणाला विसंगती वाटत नव्हती. वेळासच्या ग्रामस्थांनी ही विसंगती दूर केली, म्हणून या किनाऱ्याच्या इतिहासात त्यांच्या कामाला देवालयाच्या जीर्णोद्धाराइतकेच मोल द्यावे लागेल.

पुढे केळशीच्या महालक्ष्मीचे दर्शन घेऊन वाट आंजर्ल्यास येते. येथील कड्यावरचा गणपती सर्वश्रुत आहे. मूळ मंदिर खाली समुद्रकाठी होते, समुद्राने ते गिळले आणि देव टेकडीवर जाऊन राहिला, अशी स्थानिक आख्यायिका असून वाटेवरचे एक पाऊल देवाचे म्हणून दाखविले जाते. कड्यावरील जुन्या मंदिराचा जीर्णोद्धार १७६८ ते १७८० या काळात झाला. समुद्र पुढे सरकला तेव्हा त्या लोकांनी त्याच जागेवर हट्टाने भिंत उभी केली नाही, देवाला घेऊन ते उंचावर गेले, असा या आख्यायिकेचा अर्थ लावता येतो. मंदिरापासून हर्णैचा सुवर्णदुर्ग आणि खालच्या नारळी-पोफळीच्या वाड्या दिसतात. ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या साऱ्या टापूतील वाड्या आडव्या केल्या. नारळ-सुपारीचे झाड फळावर येण्यास कित्येक वर्षे लागतात. त्यामुळे एका दिवसाच्या वाऱ्याचा घाव येथील कुटुंबांना दीर्घकाळ सोसावा लागला.

दाभोळला पुन्हा फेरीबोट. पलीकडे धोपावे, आणि तेथून गुहागर. अनेक चित्पावन घराण्यांचे कुलदैवत असलेला व्याडेश्वर येथे नांदतो. गाव समुद्राला समांतर एका लांबच लांब रस्त्यावर वसले असून घर, मागे वाडी आणि वाडीच्या पलीकडे वाळू अशी त्याची रचना आहे. समुद्राच्या आणि घरांच्या मध्ये झाडांची भिंत ठेवण्याची ही रीत सौंदर्यासाठी नव्हती. खारा वारा अडविण्यासाठी होती. जवळच्या हेदवीस दशभुज गणेशाचे मंदिर टेकडीच्या कुशीत आहे आणि समुद्रकाठी उमामहेश्वराच्या मंदिराजवळ बामणघळ आहे. खडकातील या अरुंद व लांब भेगेत भरतीचे पाणी कोंडते आणि मोठा आवाज करीत उंच उसळते. म्हणजे हरिहरेश्वरास ओहोटी गाठावयाची आणि हेदवीस भरती. सहलीचा बेत आखणाऱ्याने पंचांग उघडून बसावे ते याचसाठी.

शास्त्रीची खाडी तवसाळहून जयगडकडे ओलांडली की आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत यांचे जन्मगाव मालगुंड आणि त्याला लागून गणपतीपुळे येते. हा स्वयंभू गणपती पश्चिमद्वार देवता म्हणून ओळखला जातो. येथे मंदिराच्या मागील टेकडीच देवस्वरूप मानतात आणि प्रदक्षिणा केवळ गाभाऱ्याला घालीत नाहीत; संपूर्ण टेकडीला घालतात. हिचे अंतर सुमारे एक किलोमीटर भरते. टेकडीलाच देव मानले की तिच्यावर कुदळ चालविण्यास कोणाचा हात धजत नाही. ज्या काळात किनाऱ्यावरच्या टेकड्या रस्त्यांसाठी आणि इमारतींसाठी तासल्या जात आहेत, त्या काळात या एका टेकडीचे रक्षण श्रद्धेने केले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

रत्नागिरीच्या दक्षिणेस काळा पाषाण मागे पडून तांबडा जांभा दिसू लागतो. राजापूर तालुक्यातील कशेळीचा कनकादित्य हे महाराष्ट्रातील मोजक्या सूर्यमंदिरांपैकी एक. सौराष्ट्राकडून मूर्ती घेऊन निघालेले गलबत येथे अडले, मूर्ती समुद्रकाठच्या गुहेत ठेवली गेली आणि कनका नावाच्या स्त्रीला दृष्टांत होऊन ती गावात आली, अशी कथा आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३, म्हणजे इसवी सन ११९१ चा ताम्रपट कशेळीच्या दानाची साक्ष देतो. आख्यायिका आणि लेख एकत्र वाचले, तर हा किनारा एकाकी नव्हता, दर्यामार्गे त्याचा दूरदूरच्या प्रदेशांशी संबंध होता, हे उघड होते.

विजयदुर्गानजीक गिर्ये येथील रामेश्वराकडे जांभा खोदून केलेल्या वाटेने उतरावे लागते. आवारात संभाजी आंग्रे यांची समाधी आहे. तेथून देवगडच्या आमराया ओलांडून कुणकेश्वर गाठले की मंदिराच्या पायाशी लाटा दिसतात. वादळात सापडलेल्या परदेशी व्यापाऱ्याने येथील दिव्याचा उजेड पाहून नवस केला आणि सुखरूप पोहोचल्यावर मंदिर बांधले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, किनाऱ्यावरच्या देवळातील दिवा आणि त्याचे शिखर ही दर्यावर्दींची खूण असे, एवढे तिच्यातून समजते. महाशिवरात्रीला आसपासच्या गावांचे देव लवाजम्यासह तीर्थस्नानासाठी येथे येतात. देवसुद्धा समुद्राकडे चालत जातो, समुद्र देवाकडे बोलाविला जात नाही, हा त्या सोहळ्यातला विनय आहे.

या साऱ्या प्रवासातून जीर्णोद्धार करू पाहणाऱ्या गावांना घेण्याजोगे पुष्कळ आहे. कोकणात देवळाभोवती देवराई किंवा देवरहाटी राखण्याची चाल होती. सातवीण, किंजळ, बकुळ, सुरंगी, किनाऱ्याकडे उंडी अशी झाडे तेथे निर्वेध वाढत आणि त्यांच्या मुळाशी झरे टिकत. कौल घेतल्यावाचून फांदी तोडली जात नसे. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कित्येक राया मोडत असल्याचे त्यांना आढळले. दुर्दैव असे की काही ठिकाणी राई तोडून आलेल्या पैशातूनच देऊळ नवे करण्यात आले. जांभ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर जाऊन सिमेंटचा स्लॅब आला, पायऱ्यांना गुळगुळीत फरशी बसली, आणि ज्या सावलीत देव बसला होता ती सावली गेली. उन्हाळ्यात झराही आटला. देऊळ नवे झाले, पण देवस्थान उणे झाले.

जीर्णोद्धार या शब्दात जुने टाकून देणे अभिप्रेत नाही. मोडकळीस आलेले सावरणे अभिप्रेत आहे. शिखर, गाभारा आणि सभामंडप यांच्या बरोबरीने राईतले झाड, विहिरीचे पाणी, वाळूतले कासव आणि भरतीचा नियम ही सारी देवस्थानाची मालमत्ता आहे. सागरी महामार्ग पूर्ण झाला की भाविकांची आणि सहलींची गर्दी वाढणार, हे निश्चित. तिचे स्वागत करताना गावाने देवळाच्या दारात त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेला फळा लावावा, वाहनतळासाठी राईला हात लावू नये आणि वर्गणीच्या हिशेबात चार पैसे रोपांच्या कुंपणासाठी बाजूला काढावेत. पूर्वजांनी जे दगडात बांधले ते सावरण्यास कारागीर मिळतात. त्यांनी जे झाडांत आणि पाण्यात राखले ते एकदा गेले तर कोणत्याही कारागिराला परत बसविता येणार नाही.