महाराष्ट्र : स्त्रियांची मजुरी व राजकीय प्रतिनिधित्व
रोजगार हमी कायद्याने (१९७७) महाराष्ट्रात स्त्री-पुरुषांना मजुरीचा समान दर दिला; शेतात मात्र खुरपणाऱ्या बाईचा रोज गड्याच्या रोजापेक्षा सहसा कमीच. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादमाकडून उचल बहुधा नवरा घेतो. मोळ्या बांधून डोक्यावर वाहणाऱ्या बाईची वेगळी मजुरी हिशेबात दिसतच नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांत १९९० मध्ये स्त्रियांना ३० टक्के, तर २०११ मध्ये ५० टक्के आरक्षण मिळाले. काही गावांत खुर्चीवर बाई आणि कारभार ‘सरपंचपतीं’चा, हेही खरे, पण ग्रामसभेत बाई बोलू लागली ती याच वाटेने. विधानसभेत असे आरक्षण लागू नसताना २०२४ मध्ये २८८ पैकी २१ स्त्रिया निवडून आल्या.