नरसिंह राव आणि महाराष्ट्र : काही अल्पपरिचित गोष्टी

माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांचे नाव निघाले की १९९१ सालचे नवे आर्थिक धोरण आणि ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत घडलेली घटना, या दोहोंभोवतीच बोलणे फिरत राहते. त्या वादाचा निवाडा इतिहासकार करोत. परंतु या पुरुषाचे आपल्या महाराष्ट्राशी जे नाते होते, ते आपल्यापैकी फारच थोड्यांस ठाऊक असते; म्हणून हा लेखनप्रपंच.

राव यांचा जन्म २८ जून १९२१ रोजी निजामाच्या राज्यातील वरंगळ भागात झाला. १९३८ साली तेथील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, तेव्हा संस्थानी अधिकाऱ्यांनी अनेकांस विद्यालयांतून काढून टाकले. राव त्यांत होते. अशा निराधार झालेल्या विद्यार्थ्यांस नागपूर विद्यापीठाने आपली दारे उघडली. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले व कायद्याची पदवी पुन्हा नागपुरासच मिळविली. या मुक्कामांत मराठी त्यांची केवळ बोलण्यापुरती राहिली नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांनी ‘अबला जीवितम्’ या नावाने तेलुगूत नेली. यमुनेच्या तोंडून सांगितलेली ती कहाणी, तीत येणारे केशवपनाचे ते दारुण वर्णन, आणि घराघरांतील ती दबलेली मराठी बोली! हे सारे परभाषेत उतरविणे किती बिकट, हे अनुवादाचा ज्यांनी प्रयत्न केला आहे तेच जाणोत. राजकारणात मुरलेल्या गृहस्थाने हे काम अंगावर घ्यावे, याचे मला तरी नवल वाटत आले आहे.

आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्रिपद त्यांस १९७१ साली लाभले. जमीनधारणेवर कमाल मर्यादा घालण्याचा त्यांनी आग्रह धरला व स्वतःच्या घरची शेकडो एकर जमीनही सोडली. बडे जमीनदार दुखावले. त्यातच मुलकी नियमांचा तंटा पेटला आणि जानेवारी १९७३ मध्ये ते पद गेले.

आता रामटेकची हकीकत. १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर काँग्रेसची लाट होती. भारतीय जनता पक्षाचे अवघे दोन उमेदवार निवडून आले, आणि त्यांतील एकाने हणमकोंडा येथे ज्यांस पाडले ते केंद्रीय गृहमंत्री नरसिंह राव होत! घरच्या माणसांनी पाठ फिरविली, पण त्याच निवडणुकीत ते नागपूरजवळच्या रामटेकहूनही उभे होते व तेथील मतदारांनी त्यांस तारले. १९८९ साली पुन्हा तेथूनच ते निवडून आले. विद्यार्थिदशेत ज्या विदर्भाने आसरा दिला, त्यानेच साठी उलटलेल्या पुढाऱ्यास लोकसभेत धाडले.

सप्टेंबर १९८५ मध्ये मनुष्यबळ विकास खाते त्यांच्याकडे आले. आंध्रात शिक्षणमंत्री असताना त्यांनी सर्वेल या गावी गुरुकुल पद्धतीच्या निवासी शाळेचा पाया घातला होता. १९७१ साली ती सुरू झाली. खेड्यातील हुशार मुलास पैशाअभावी मागे राहावे लागू नये, हा त्यामागचा विचार. तोच आता देशव्यापी झाला. १९८५-८६ साली प्रयोगादाखल दोन नवोदय विद्यालये काढण्यात आली : एक हरियाणातील झज्जर येथे, व दुसरे आपल्या अमरावतीस. आज त्यांची संख्या साडेसहाशेंवर गेली आहे. प्रवेशपरीक्षेने सहावीत मुले घेतात. किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. नववीत काही विद्यार्थी वर्षभर परभाषिक प्रांतातील विद्यालयात पाठवितात. आपल्या ज्ञातिसंस्था वसतिगृहे व शिष्यवृत्त्या यांसाठी वर्गणी गोळा करताना किती जिकिरीस येतात, हे जाणणाऱ्या वाचकांस या कार्याचे मोल निराळे सांगावयास नको. आपल्याच ज्ञातीतील किती मुले या शाळांतून पुढे आली, याची कोणी मोजदाद केली तर बरे होईल.

१९९१ साली त्यांनी निवडणूक लढविली नव्हती. दिल्लीचा मुक्काम हलविण्याची सिद्धता चालली होती. राजीव गांधींच्या हत्येनंतर अकस्मात पंतप्रधानपद चालून आले. पाच वर्षे ते सांभाळून पायउतार झाल्यावर मात्र पक्षात त्यांची उपेक्षाच झाली. २३ डिसेंबर २००४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ज्या पक्षाचे ते अध्यक्ष होते, त्याच्या मुख्य कचेरीचे फाटक पार्थिवासाठी उघडले नाही. शव बाहेर रस्त्यावरच थांबले आणि अंत्यसंस्कार हैदराबादेस झाले. ‘भारतरत्न’ घरच्यांच्या हाती आले ते ३० मार्च २०२४ रोजी, म्हणजे मृत्यूनंतर एकोणीस वर्षे उलटून गेल्यावर.